शकूआत्याची नियमातली गाडी

आमच्या शेजारची शकूआत्या रोज सकाळी उठली की आधी अंगणात जाते आणि गाडीच्या बॉनेटवर उलटा हात ठेवते. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थोडा वेळ थांबते आणि स्वतःशीच म्हणते, "ताप न्हाई." त्यानंतर चहा.

तिचा यात दोष नाही. सगळी उमर तिनं नर्सची नोकरी केली, तीही विलायतेत. वाईजवळच्या ऊसवाल्या घरातली ही मुलगी. भाऊ पलटणीत गेले, ही मिरजेला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथून जी इंग्लंडला गेली ती निवृत्त होऊनच परतली. लग्न केलं नाही. रक्ताच्या नात्यानं ती माझी कुणी लागत नाही, पण माझ्या वडिलांना राखी बांधायची म्हणून आत्या. इतकी वर्षं गोऱ्या लोकांत राहून तिची बोली मात्र तसूभर हलली नाही. फोनवर तिकडच्या कुणाशी इंग्रजीत बोलत असली की वाटतं आत रेडिओ लागलाय, आणि फोन ठेवला की लगेच, "आवं वहिनी, शेंगा भाजल्या का न्हाई?"

ती कायमची परत येणार हे कळल्यावर तिच्या भाच्यांनी मनातल्या मनात बंगल्याची जागासुद्धा बघून ठेवली होती. एका दुपारी तिचा मला फोन आला.

"दिलप्या, मी गाडी आणतीय."

"आणतेस कशाला? इथं येऊन घे की. सातारला शोरूम आहेत."

"तसली न्हाई रं. माझी गाडी. हितली."

तिनं फोटो पाठवला. गडद हिरवी, दोनच सीटची, उघडं छप्पर असलेली आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आमच्या गल्लीतलं मांजर तिच्याखालून जाताना वाकलं असतं. मी फोटो आईला दाखवला. आई म्हणाली, "अर्धीच दिसतीय. बाकीची मागनं येणार असंल."

मी शाळेत मास्तर. त्यामुळे जगातली सगळी कागदपत्रं मला कळतात असा आत्याचा समज आहे. गाडी आणायचे नियम आम्ही दोघांनी मिळून वाचले, ती तिकडे, मी इकडे. कायमचं राहायला परत येणाऱ्या माणसाला स्वतःची वापरातली गाडी आणता येते. पण स्टिअरिंग उजवीकडे हवं, ते इंग्लंडात असतंच. गाडी तिथं वर्षभर तरी आपल्या नावावर असायला हवी. बंदरात कस्टमची ड्यूटी भरायची, मग तपासणी, मग आरटीओ. आणि आणल्यावर काही काळ विकायची नाही. हे शेवटचं वाचून आत्या म्हणाली, "विकतंय कोण?"

मधेच तिच्या भाच्यानं सांगलीहून एक मित्र आणला. जुन्या गाड्यांची देवघेव करणारा. आत्या तेव्हा घर बघायला महिनाभर आली होती. तो आमच्याच सोप्यात बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आवं आत्या, कशाला एवढा खटाटोप? गाडी खोलू, सुटं पार्ट म्हणून आणू. हितं जोडू. माझ्याकडं मोडीतली एक गाडी हाय, तिचा नंबर चढवू. कोण बघतंय?"

आत्यानं त्याच्या कपात चहा ओतला. "म्हंजे माणसाचं तुकडं करून आणायचं, हितं शिवायचं, आन् मेलेल्याच्या केसपेपरवर उठवून बसवायचं, व्हय?"

त्या गड्यानं चहा अर्धाच प्याला.

"नियमात बसलं तर करीन," आत्या म्हणाली. "न्हाई बसलं तर तिथंच ऱ्हाईल ती. पण लपवून न्हाई आणणार." हे "नियमात" तिचं पालुपद. भाजीत मीठ बरोबर पडलं तरी ती म्हणते, नियमात हाय.

गाडी जहाजानं निघाली आणि आत्या विमानानं. ती आधी पोचली. गाडी बंदरात आली तेव्हा ड्यूटीचा आकडा ऐकून तिचा भाचा खाली बसला. "ह्यात ट्रॅक्टर आला असता, वर ट्रॉली," तो म्हणाला. आत्यानं शांतपणे सही केली. आयुष्यात सोन्याचा दागिना न केलेली बाई, तिची सगळी पुंजी त्या दिवशी सरकारजमा झाली, आणि तिच्या तोंडावर मात्र हायसं वाटल्याचा भाव.

मग काम रखडलं. एक कागद आला की दुसरा हवा असायचा, आणि तो दुसरा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. शेवटी आत्या म्हणाली, "जाऊन भेटून येऊ." मला वाटलं साहेबाला. ती गाडीबद्दल बोलत होती. आम्ही एसटीनं बंदरात गेलो. कंटेनरच्या रांगांमधून, बंदरातून माल सोडवून देणारा आमचा क्लिअरिंग एजंट आम्हाला घेऊन गेला. भर उन्हात, धुळीनं माखलेली, दोन मोठ्या जीपगाड्यांच्या मध्ये ती उभी होती. आत्यानं बॉनेटवर उलटा हात ठेवला आणि चटकन काढला.

"ताप हाय," ती म्हणाली. पिशवीतून छत्री काढली, उघडली आणि गाडीवर धरून उभी राहिली. स्वतः उन्हात. एजंट बंदरात मुरलेला माणूस, त्यानं काय काय बघितलं असेल. तोही जरा वेळ बघत राहिला, मग कुठून तरी एक स्टूल घेऊन आला. त्यानंतर आमच्या फाइलची विचारपूस तो स्वतःहून करू लागला. दर आठवड्याला त्याचा फोन येई, आणि पहिलं वाक्य असे, "मावशींना सांगा, मी सावलीत हलवून घेतलीय."

शेवटी ट्रकवर चढून गाडी साताऱ्याला आली. तपासणीचे साहेब गाडीभोवती फिरले, वाकून आत बघितलं.

"मागं कोण बसणार?"

"कुणीच न्हाई," आत्या म्हणाली. "नियमात हाय."

साहेब हसले, सही केली आणि आतल्या लोकांना बाहेर बोलावून गाडी दाखवली. एकानं आत्याबरोबर फोटोही काढून घेतला.

आता वाईत गाडी आली, पण वाईचे स्पीडब्रेकर काही विलायतेहून आलेले नाहीत. पहिल्या दिवशी मी पुढे चालत होतो आणि आत्या मागून गाडी तिरकी घालून एकेक उंचवटा ओलांडत होती. बाळंतिणीला जिना उतरवावा तशी. गल्लीतले सगळे दारात. पहिल्या फेरीचा मान कुणाला, यावर भाच्यांत वाद चालू होता. आत्या आमच्या दाराशी थांबली आणि माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, चला."

इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. वडील गेल्यापासून आई घराबाहेर पडलीच नव्हती. देवळात नाही, लग्नात नाही. पाय दुखतात म्हणायची. आम्ही डॉक्टर बदलले, तेलं बदलली. बायको तिला समजावून थकली, मी तर चिडायलाही लागलो होतो.

"मला कुठं त्यात बसता येतंय," आई म्हणाली.

"पेशंट बसवायचं माझं कामच हाय," आत्या म्हणाली. "पाठ करा गाडीकडं. पहिलं बूड. टेकलं? आता दोनी पाय संगट आत. हां."

नऊवारीचा घोळ आवरत आई धपकन खाली गेली, आणि इतकी खाली गेली की तिचा तिलाच अंदाज आला नाही. "अगं बाई, जमीनच की गं ही," असं म्हणून ती हसली. वडील गेल्यानंतर आई हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्या दोघी पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेल्या. आल्या तेव्हा आईच्या डोक्यावर आत्याचा स्कार्फ, मांडीवर स्ट्रॉबेरीचा पुडा, आणि डोळे रडून सुजलेले. मी घाबरलो. आत्यानं मला बाजूला घेतलं. "तुझ्या बापाविषयी बोलली. घाट चढताना बी, उतरताना बी. बोलू दिलं."

"आमच्याशी नाही बोलत कधी."

"तुमी तिच्या म्होरं बसता. म्होरं बसलं की माणूस न्हाई बोलत. शेजारी बसून रस्त्याकडं बघितलं की बोलतंय."

दुसऱ्या दिवशी आई स्वतःहून चप्पल घालून देवळात गेली. मी आत्याचे आभार मानायला गेलो, तर ती म्हणाली, "स्ट्रॉबेरी लय खाऊ देऊ नको तिला."

हळूहळू गल्लीतल्या साऱ्या बायकांच्या फेऱ्या झाल्या. एका वेळी एकच बाई. जाताना नटूनथटून, येताना हलक्या होऊन. कोण काय बोलली हे आत्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मला एवढंच वाटायचं की हिला कुणी असं घाटात नेत असेल का.

यंदा द्राक्षांचा हंगाम संपत आला तेव्हा ती मला म्हणाली, "रविवारी तासगावला येतोस का माझ्यासंगं?" बेदाणा आणायचा असेल, असं मी धरून चाललो. तासगावच्या पुढे एका बेदाण्याच्या शेडपाशी तिनं गाडी थांबवली. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. शेजारच्या घरातून एक खूप म्हातारी बाई सुनेच्या आधारानं बाहेर आली.

"ही सुलूची आई," आत्या मला म्हणाली. मी सुलू हे नावही कधी ऐकलं नव्हतं.

सगळं मला तिथं कळलं. सुलू आणि आत्या मिरजेला एका खोलीत शिकल्या, एकत्रच विलायतेला गेल्या आणि शेवटपर्यंत एका घरात राहिल्या. गाडी सुलूची. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली. दोघींनी मिळून भारतात परतायचं आणि या गाडीतून तासगावच्या बागा बघायच्या, असं ठरलं होतं. मग सुलूचं दुखणं निघालं. जाण्याआधी तिनं गाडी आत्याच्या नावावर केली. पण नियम वर्षाचा. म्हणून सुलू गेल्यावर आत्या त्या रिकाम्या घरात आणखी एक वर्ष एकटी राहिली, गाडी रीतसर आणता यावी एवढ्यासाठी.

म्हातारीला कमी दिसत होतं. तिनं दारावरून, काचेवरून हात फिरवला. "माझी पोर कुठं बसायची गं?"

"हितं, चालवायला. मी तिच्या बाजूला."

"मला बसव तिथं."

आत्यानं तिला अलगद स्टिअरिंगमागे बसवलं आणि आपण डावीकडे जाऊन बसली. गाडी जागेवरच होती. वरचं छप्पर उघडं. म्हातारीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड समोरच्या बागेकडे केलं.

"नीट चालवायची का पोरगी?"

"कुठली नीट? लय जोरात चालवायची, आई. मी वरडायची तिला, हळू म्हणून. ऐकायची न्हाई."

"ल्हानपणापास्नं तशीच," म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी आणि सून बेदाण्याच्या जाळ्यांशी जाऊन उभे राहिलो. त्यांचं बोलणं चालू होतं, ते आम्ही ऐकलं नाही.

निघताना आत्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी चालवते ती दुसरं कोण न्हाई म्हणून. मला शेजारी बसायची सवय हाय."

माझ्या आईला परत माणसांत आणणाऱ्या बाईसाठी मला काही करता येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी स्टिअरिंग धरलं आणि जीव मुठीत घेऊन, बैलगाडीच्या बेतानं निघालो. आत्या डोळे मिटून बसली होती. कराड जवळ आलं. मग डोळे न उघडता म्हणाली,

"दिलप्या, जरा जोरात घे की रं."