समन्वयाने बोलावे

शिरूर तालुक्यातल्या एका मुलींच्या बालगृहात चौदा वर्षांची गौतमी तीन दिवस जेवली नव्हती. चौथ्या दिवशी स्वयंपाकीण भागुबाईनं गवार मोडता मोडता आपली शेळी तलाठ्याच्या खुर्चीत कशी बसली ते सांगितलं. पोरगी हसली, तिनं दोन भाकरी खाल्ल्या. हा गंभीर प्रकार दौंडच्या मनस्वास्थ्य कक्षाला तातडीनं कळवण्यात आला.

उलट टपाली आदेश आला : ‘सदर बालिकेशी कोणीही परस्पर बोलू नये. समन्वयाने बोलावे.’

अधीक्षक सर्जेरावांनी तो तीनदा वाचला. “भागुबाई, तोंड बंद. समन्वय सायेब सोता येऊन बोलणार हायेत.”

“कवा?”

“तारीख न्हाई.”

साहेबांसाठी नवी खुर्ची, नारळ आला. साहेब काही येईनात. गौतमीचं जेवण पुन्हा बंद. सर्जेरावांनी दौंडला फोन लावला. “तुमच्याकडं समन्वय हाय का?”

“आमच्याकडं कधीच नव्हता,” पलीकडून प्रामाणिक उत्तर आलं. “शिरूरला बघा.”

शिरूरच्या कचेरीनं दौंडला बघायला सांगितलं. साहेब वाटेतच हरवले असावेत म्हणून न्हावऱ्याच्या फाट्यावर टेम्पोवाल्यांकडं चौकशी झाली. तोवर गौतमी बोलायचीच थांबली. अहवालात नोंद : ‘बालिका शांत. प्रगती समाधानकारक.’

अखेर भुकेजलेली गौतमी त्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं कागदावर लिहिलं, ‘भागुबाईंनी बोलावे. – समन्वय.’

“तू समन्वय?” सर्जेराव गांगरले. “आगं, ते सायेब हायेत!”

“आदेशात तसं लिवलंय का, सर?” गौतमीनं इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

आदेश उलटापालटा करून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. सर्जेरावांनी कागदाला जावक क्रमांक दिला. भागुबाई तासभर बोलली. पोरीनं तीन भाकरी संपवल्या.

पद भरल्याचं कळताच दौंडला पेढे वाटले. कक्षप्रमुख अंकिता मॅडम अभिनंदनाला आल्या आणि खुर्चीसमोर बसताच ढसाढसा रडल्या. “माझा साई आठवीत आहे. सहा महिने खोलीतून बाहेर येत नाही. त्याच्याशी कोणी बोलायचं?”

“आवो मॅडम, तुमीच की!” भागुबाई म्हणाली.

“परस्पर?” मॅडम दचकल्या.

मग इतर अधिकाऱ्यांचीही रांग लागली. गौतमीनं एका प्रश्नाचा अर्ज काढला : ‘घरातल्या पोराशी शेवटचं कधी बोललात? (अभ्यास, मोबाईल आणि “जेवलास का” वगळून.)’

रकाने अजून कोरे आहेत. एक प्रत तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. हसून झालं की भरा. आठवत नसेल तर पोराला विचारा, तेवढंच बोलणं होईल.