भुताच्या कव्हरवर खिडकी

तुळशीराम पेंटर कुणालाही भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायचा आणि म्हणायचा, "जरा मेल्यावानी करा बरं." नवा माणूस असला तर भडकायचा. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की हा भुताखेतांच्या पुस्तकांची कव्हरं काढतो, याला सारखे मुडदे लागतात, मनावर घेऊ नका.

संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर माझा पुस्तकांचा स्टॉल होता. नाशिक-पुण्याच्या गाड्या इथं चहाला थांबत. चहा पिऊन झाला की लोक माझी पुस्तकं फुकट चाळत आणि गाडीचा हॉर्न वाजला की ठेवून पळत. विकत घ्यायचंच झालं तर भुताचं घ्यायचे. एका वर्षी दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, पण भुतं काही आटली नाहीत. पुण्याचे एक प्रकाशक दर महिन्याला एक भूत छापायचे आणि त्याचं कव्हर आमचा तुळशीराम काढायचा. एरवी तो ट्रकच्या फळ्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण ते पोटासाठी. कव्हर म्हणजे त्याचा जीव की प्राण. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तुळशी, संगमनेर' असं लिहायचा आणि पुस्तक छापून आलं की आधी कोपरा बघायचा.

त्याला मुडदा म्हणून सगळ्यात सोयीचा मी. कुठं पळून जाणार? एकदा भर बाजाराच्या दिवशी त्यानं मला स्टॉलच्या फळीवर आडवा केला. मी आपला गिऱ्हाइकांशी बोलतोय, तर हा म्हणतो, "बन्सीशेट, तोंड मिटा. मेलेला माणूस इतकं बोलत न्हाई." महिन्याभरानं पुस्तक आलं. विहिरीत एक माणूस तरंगतोय आणि काठावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी. आमच्या मंडळींनी कव्हर हातात घेतलं, माझ्या कानावरचे केस ओळखले आणि थंडपणे विचारलं, "तुम्ही विहिरीत काय करताय, आणि ही बाई कोण?" दोन दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

कव्हर पुण्याला धाडण्यापूर्वी तो त्याची परीक्षा घ्यायचा, ती माझ्याच स्टॉलवर. चित्र ओलं असतानाच पुस्तकांच्या मधोमध चिमट्यानं टांगायचा आणि स्वतः समोरच्या बाकावर शेंगा खात बसायचा. माणूस चित्राकडे बघून सरळ पुढं गेला की हा म्हणायचा, "मेलं." माणूस पुढं जाऊन परत मागं आला की म्हणायचा, "पास." त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बघू नये वाटलं पायजे, अन् बघितल्याबिगर ऱ्हावलं न्हाई पायजे. त्याला म्हंत्यात कव्हर."

या परीक्षेत एकदा तो साफ आपटला. 'चिंचेखालची सासू' या पुस्तकासाठी त्यानं हडळ काढली होती. मोकळे केस, वटारलेले डोळे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला स्वतःला तिच्याकडे पाठ करून बसवेना. तेवढ्यात पाथर्डीकडची एक म्हातारी गाडीतून उतरली आणि चित्रापुढं थबकली. तुळशीराम बाकावरून ओरडला, "पास!" म्हातारीनं चपला काढल्या. कंबरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळदकुंकू घेतलं आणि हडळीच्या ओल्या कपाळावर चांगलं दाबून लावलं. मग हात जोडून मला विचारलं, "कुठली आई म्हनायची ही? नवसाला पावती का?"

मी काय सांगणार, कपाळ? म्हटलं, "पावते आजी, पण महिन्यातून एकदाच." ती समाधानानं गेली. तुळशीराम तोंडातली शेंग तशीच धरून बसला होता. हडळीचा अर्धा चेहरा हळदीत गेला होता. संध्याकाळपर्यंत आणखी कुणीतरी तिच्यापुढं उदबत्ती खोचली.

"शेट," तो म्हणाला, "भूत दावलं की लोक त्येच्या पाया पडत्यात. आता भूत दावायचंच न्हाई."

आणि खरंच, त्यानंतर त्यानं भूत काढलं नाही. नुसता वाडा, नुसता आड, अर्धवट उघडं दार. सगळीकडे काळोख. आणि लांब कोपऱ्यात, नखाएवढी, एक पिवळी उजेडाची खिडकी. ती मात्र प्रत्येक कव्हरवर असायचीच. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाला, "असू द्या. तेवढं असू द्या." एरवी शेंगा फोडता फोडता तासभर बडबडणारा माणूस, खिडकीचं नाव काढलं की गप्प.

खप वाढला, पण प्रकाशकांना ती खिडकी खुपायला लागली. त्यांचा माणूस वसुलीला आला तेव्हा स्टॉलवरच म्हणाला, "पेंटर, तेवढी खिडकी काढा. उजेड दिसला की भीती कमी होते. नाहीतर आमच्याकडे पुण्यात चित्रकारांची काही कमी नाही."

मी तुळशीरामाला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे गाढवा, टिकलीएवढा पिवळा रंग, त्याच्यापायी हातचं काम घालवतोस? तुझं नाव छापून येतं, ते ट्रकच्या फळीवर येणार आहे का? त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचं कव्हर खिडकीसकट धाडलं. म्हणजे मी तासभर बोललो ते पालथ्या घड्यावर पाणी.

पुण्यात त्यांनी खिडकीवर काळं फासलं आणि छापलं. गठ्ठा गाडीच्या टपावरून आला, मी सुतळी कापली, तुळशीरामानं एक प्रत उचलली. या खेपेला त्यानं नावाचा कोपरा बघितलाच नाही. तडक गेला आणि पिवळ्या रंगाचा डबा अन् बारीक ब्रश घेऊन परत आला. बाकावर मांडी घालून त्यानं एकेका पुस्तकावर खिडकी काढायला सुरुवात केली. माझ्या पुस्तकांवर. रंग वाळेना, पुस्तकं एकमेकांना चिकटली, एका कंडक्टरचा अंगठा पिवळा झाला आणि त्यानं तो माझ्या नव्या धोतराला पुसला. मी तोंडाला येईल ते बोललो. तुळशीराम शेवटच्या प्रतीवर खिडकी काढून उठला, डबा बंद केला आणि निघून गेला.

त्यानंतर तो स्टँडवर फिरकेना. पुढचं कव्हर पुण्याच्या चित्रकाराचं आलं. वटारलेले डोळे, मोकळे केस, मोठं कुंकू. मी ते टांगलं मात्र, आणि अकोल्याकडच्या एका आजीनं चपला काढल्या. गठ्ठा जसा आला तसा पडून राहिला. बाकही रिकामा. शेंगांची टरफलं झाडावी लागत नव्हती, त्याचाही मला राग यायला लागला.

शेवटी प्रकाशकांचाच निरोप आला, की पेंटरना सांगा, पुढचं काम करा, खिडकी हवी तर राहू द्या. माझा आनंद गगनात मावेना. दुपार कलताच स्टॉलवर फडकं टाकलं आणि प्रथमच त्याच्या घरी गेलो. दाराला कडी, आणि खिडकीत कंदील जळतोय. दिवसाढवळ्या. आम्ही रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहून पाय मोडतो आणि इथं ही उधळपट्टी. मला वाटलं, वहिनी शेजारी गेल्या असतील. मी हाक मारली, "अहो वहिनी, कंदील विझवा की."

"कुनाला हाका मारताय, शेट?" मागून तुळशीराम आला. "ती जाऊन लई वर्सं झाली."

त्यानं कडी काढत सांगितलं. "ती हुती तवा मी कितीबी उशिरा येऊ, लांबूनच खिडकीत उजेड दिसायचा. म्हंजी कुनीतरी हाय. आता जाताना मीच लावून जातो. अंधाऱ्या घरात पाय ठिवाया भ्या वाटतं, शेट. भुताचं न्हाई." मग हसून म्हणाला, "पुस्तक वाचनाऱ्यालाबी शेवटी घरी जायाचं असतंय की."

मी निरोप सांगितला. त्यानं डोळे पुसले आणि ते लपवायला मला म्हणाला, "जरा मेल्यावानी करा बरं."

त्यानं नवं कव्हर काढलं, पण चित्र वाळायच्या आतच त्याला एका गावी देवळाचं रंगकाम मिळालं. किल्ली माझ्याकडे देऊन गेला. चित्र वाळलं की पुण्याच्या गाडीत कंडक्टरकडे द्या, मी सोमवारी सांजच्या गाडीनं येतो म्हणाला.

सोमवारी मी चित्र आणायला गेलो. कंदील केव्हाच विझला होता, काचेवर काजळी धरली होती, रॉकेलचा थेंब नाही. मी चित्र उचललं, दाराला कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत आलो आणि स्वतःलाच शिव्या घालत मागं फिरलो. घरून बाटलीत रॉकेल नेलं. मंडळींनी विचारलं, कुठं निघालात? म्हटलं, विहिरीवरच्या बाईकडे. काच राखेनं घासली, वात कापली, कंदील खिडकीत ठेवला, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम बाकावर येऊन बसला. शेंगा सोलू लागला.

"शेट," तो म्हणाला, "काल माझ्या घरात भूत यिऊन गेलं. कंदिलाची काच पुसून गेलं."

"मग? भ्यालास का?"

"न्हाई," तो म्हणाला आणि सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "लई बरं वाटलं."