पोटभर पाणी आणि गंगावतरण

वैशालीला सोनोग्राफीची भीती नव्हती, तीत काय निघेल याची होती. डाव्या बाजूला पोटात दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी चाचपून, "अंडाशयावर सिस्ट असेल, बघून घेऊ," एवढंच म्हटलं होतं. पुढचं सगळं मिसरोदमधल्या घराच्या शेजारणीनं पुरवलं. सिस्ट म्हणजे गाठ, गाठ म्हणजे ऑपरेशन आणि ऑपरेशन झालं की मुलाबाळाचं विसरा. तेव्हापासून वैशालीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाणी मात्र उतरवावं लागलं, कारण तपासणीला मूत्राशय भरलेलं हवं होतं आणि सोबतीला सासूबाई होत्या. अनुराधाबाई कीर्तनकार. घरातला गॅस संपला हे सांगायलाही त्यांना आधी पूर्वरंग लागे. शहरात एमपी नगरच्या सोनोग्राफी सेंटरला जाताना रिक्षात त्यांनी पंगतीतला आग्रह सुरू केला.

"हा एक घोट रामाचा."

"आई, पुरे आता."

"आणि सीतामाईचा? तिला काय वाटेल गं?"

लक्ष्मण झाला, भरत झाला. शत्रुघ्नापाशी बाटली संपली, म्हणून मारुती वाचला.

सेंटरमध्ये बाकावर बायका ओळीनं बसल्या होत्या. सगळ्या पोटभर पाणी प्यालेल्या, पायावर पाय घट्ट. वैशालीचा नंबर शेवटचा. इतक्यात लाइट गेली.

"जनरेटरवाला आ रहा है, थोड़ा होल्ड कीजिए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"और कितना होल्ड करें, बहन?" बाकाच्या टोकाच्या जाडजूड बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

अनुराधाबाईंनी सुनेचा पांढराफटक चेहरा पाहिला. मग ती ओळ पाहिली. इतक्या बायका, गप्प, आणि जागची हलायला एकही तयार नाही. असे श्रोते त्यांना उभ्या जन्मात मिळाले नव्हते. त्यांनी पिशवीतल्या डब्यांची दोन झाकणं काढली आणि झांजेसारखी वाजवली.

"मातांनो, मन भगवान में लगाओ, की देहाचं दुःख कळत नाही. कथा सुनाती हूँ."

आख्यान निवडायला त्यांना वेळच लागला नाही. गंगा दशहरा तोंडावर आला होता, मंडळात कीर्तनाला उभं राहायचं होतं आणि आठवडाभर घरात एकच आख्यान घोळत होतं. गंगावतरण.

भगीरथाच्या तपापर्यंत सगळं ठीक चाललं. बायका माना डोलावू लागल्या. मग गंगा स्वर्गातून निघाली.

"कैसी निकली? खळखळ, खळखळ. धो धो, धो धो." झाकणांनी ठेका धरला. एका बाईंनी पर्स पोटाशी आवळली.

"शंकरानं काय केलं? तिला जटेत अडवली. एक बूँद बाहर नहीं. कितने साल? गिनती नहीं."

"धन्य हैं भोलेनाथ," जाडजूड बाई दात आवळून म्हणाल्या.

"भगीरथ हाथ जोड़के बोला, देवा, आता सोडा."

"अरे छोड़ दो ना," मागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

"आणि महादेवानं एक बट मोकळी केली..."

त्यासरशी जाडजूड बाई उठल्या. त्यांच्यामागोमाग अख्खा बाक उठला. आरतीआधी कीर्तनातून उठू नये, हे अनुराधाबाई सांगेपर्यंत कॉरिडॉरमधल्या एकुलत्या एक बाथरूमसमोर रांग लागली होती.

आणि लाइट आली.

"किसका ब्लैडर फुल है?" डॉक्टर अलका यांनी दारातून विचारलं. बाकावर एकटी वैशाली उरली होती. तिनं आख्यानातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. शेजारणीचंच निरूपण तिच्या कानात चालू होतं.

सासूबाईही मागोमाग आत आल्या. पोटावर गार जेल पडलं. अलकाताई ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या. "ही बघा. साधी, पाण्यानं भरलेली पिशवी. दर महिन्याला बीज तयार होताना अशी पिशवी होतेच. एखाद्या वेळी फुटत नाही, राहून जाते. बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. तेव्हा पुन्हा बघू. मध्येच एकदम असह्य दुखलं, उलट्या झाल्या, ताप आला, तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच यायचं."

"ऑपरेशन?"

"याला कशाला?"

"आणि... मूल?"

"अशा सिस्टनं काही अडत नाही. खुशाल होऊ द्या."

वैशालीनं मोठा श्वास सोडला. इतके दिवस आत ठाण मांडून बसलेली भीती उठून गेली, आणि तिच्याखाली दबलेलं सगळं पाणी एकदम जागं झालं.

"आई, निघू या."

पण अनुराधाबाई डोळे पुसून स्टुलावर नीट बसत होत्या. "डॉक्टर, फार गोड सांगितलंत. आता मूळपदापासून सांगा. बीज तयार होतं म्हणजे कसं?"

"आई, घरी..."

"अगं, ऐकावं जरा."

आजवर अलकाताईंना कुणी इतक्या गोडीनं विचारलं नसावं. त्यांनी खुशीत मशीनचा पडदा अनुराधाबाईंकडे वळवला. वैशाली जेलसकट बाहेर पळाली.

जाडजूड बाई आधी उठूनही रांगेत मागे पडल्या होत्या; त्या नुकत्याच बाथरूममधून निघत होत्या, चेहऱ्यावर वैकुंठ. त्यांनी वैशालीची चाल पाहिली आणि दार धरून ठेवलं. "पहले इसे जाने दो. सबसे आख़िर तक यही बैठी रही." कडी लागल्यावर त्या दाराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "क्या निकला, बेटा? डर तो हमें भी लग रहा है."

"बताती हूँ, भाभी," आतून आवाज आला. "देखिए, बीज तयार होते समय एक पिशवी बनती है..."

वैशालीचं जन्मातलं पहिलं निरूपण असं बंद दाराआडून झालं. श्रोत्यांतली एकही बाई मधूनच उठून गेली नाही. रांगच तशी होती.