फक्कीचं घर

प्रल्हाद खंदारेच्या घरात शिरताना चप्पल बाहेर काढावी लागे आणि मान खाली घालावी लागे, कारण दार बुटकं होतं. खरं तर दारच नव्हतं. भिंती नव्हत्या, छप्परही नव्हतं. परभणीतल्या आमच्या ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत, लिंबाखाली, त्यानं कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढऱ्या फक्कीनं एक खोली आखली होती. मी एकदा सरळ चालत आत गेलो, तर हा ओरडला, "ओ देशमुख, भिंतीतून काय येयलाव? दार तिकडं हाय!"

आम्ही दोघं नवे कारकून. साहेबांच्या मेहरबानीनं ऑफिसच्याच रेकॉर्डच्या खोलीत झोपायचो. माझं त्यात मजेत चाललं होतं. पण प्रल्हादची धाकटी बहीण सुमन त्या वर्षी दहावीला होती. गाव बोरीच्याही पुढं, एसटी न जाणारं. कॉलेज उघडायच्या आत भाड्याची खोली मिळाली तरच तिचं शिक्षण पुढं सरकणार होतं.

म्हणून हा गडी खोली मिळायच्या आधीच भाडेकरू झाला. रविवारी तो त्या चौकोनात दिवसभर राहून बघे. इथं स्टो, इथं रांजण, इथं सुमनची सतरंजी. "खिडकी उगवतीला पायजे. पोरगी सकाळी वाचत बसती," म्हणत तो हवेतच खिडकी उघडायचा, आणि खोटं कशाला सांगू, मला वारा लागे.

पगार झाला की भाडं माझ्या हातावर ठेवी. घरमालक मी. डिपॉझिटसाठी ते पैसे माझ्या ट्रंकेत साठत. उरलेल्यात तो महिना काढी. चहा बंद, पिक्चर बंद, सायकलीची हवासुद्धा ऑफिसच्या पंपानं.

"आता खवट व्हा मालक."

"रात्री लवकर दिवा बंद करायचा," मी म्हणे.

"लय गोड बोलायलाव. मालक असा ऱ्हातो का?"

मी थक्क होऊन बघत राही. आमच्या वयाची पोरं घराचं नाव काढलं की लग्नाचं बोलत. हा सांडपाणी कुठं जाईल ते बोले.

शेवटी एक खोली खरंच बघायला गेलो. खिडकी उगवतीला. प्रल्हादचा चेहरा असा उजळला की खोलीचे मालकही हसले. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, खुर्ची दिली. मग त्याचं विचारलं. नामांतराचे दिवस ते, आडनाव ऐकून माणसं ताडत.

"खंदारे म्हंजी?"

"जयभीमवाले."

"आरे हो," मालक म्हणाले, "आमचा मेव्हणाच येयलाय की ऱ्हायला. इसरलोच होतो."

माझं डोकं तडकलं. मी भांडायला तोंड उघडलं, तर प्रल्हादनं माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. संध्याकाळी मला फक्कीच्या घरात बसवलं.

"मालक, आज माझं नाव इचारा."

मी विचारलं. त्यानं गावासकट पूर्ण सांगितलं.

"आता न्हाई म्हणा."

"येडे झालाव का?"

"म्हणा हो. पुढच्या आइतवारी सुमन येयलीय, खोल्या बघायला. तिच्यासमोर माझा आवाज हालायला न्हाई पायजे. तिला वाटावं, दादाला ह्याचं काईच न्हाई."

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "खोली द्यायची न्हाई."

"बरं. येतो मालक."

आवाज अगदी सरळ होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की मान वर होईना.

"आवाज जमला," तो म्हणाला. "आता जरा इकडं बघा, देशमुख. तोंडावर काई दिसायलंय का?"

मी वर पाहिलं.

"अजून एकदा करू," मी म्हणालो.