अठ्ठावीस जणांची ओ

सिंदी मेघेच्या मंदिरात अण्णाजींचं कीर्तन ऐन रंगात आलं आणि लॅपटॉपवरचं चित्र गोठलं. ध्रुवबाळाला राजाच्या मांडीवरून उतरवायला अण्णाजींनी उचललेला हात पडद्यावर तसाच अधांतरी राहिला.

कीर्तनाची व्यवस्था पाहणाऱ्या मधुकररावांनी मांडवातली डोकी मोजली. मांडवात माणसं नऊ, त्यातला एक मृदंगवाला. "ऐकायले कोणी नसन, त पुढच्या साली कीर्तन बंद," असं मंदिराच्या कमिटीनं बजावलेलं. सारी भिस्त आता मोबाइलवरून थेट पाहणाऱ्या एकोणतीस जणांवर.

"रक्षा, नेट काऊन अटकून राह्यलं?" त्यांनी सुनेला विचारलं. ती घरून कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. तिनं लॅपटॉपवर चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिला.

"बाबा, ही एक ते दोनशे चोपन्न, वायफायवरच्या सगळ्या नंबरांले हाक मारते. आपल्या वायफायवर जो असन, तो ओ देते."

"नामस्मरणच झालं हे!"

"एकतीस जणांनी ओ दिली. वायफायचा डबा, कॅमेऱ्याचा मोबाइल अन् हा लॅपटॉप, हे आपले. बाकीचे अठ्ठावीस कोण?"

मधुकररावांनी मांडवातली डोकी पुन्हा मोजली. खांबामागं पाहिलं. चपलांचे जोडही मोजले.

"पोरी, दिसत त कोणीच नाई. मंग ओ कोण देऊन राह्यलं?"

"कोणी का असेना, नेट तेच खाऊन राह्यले." रक्षानं पासवर्ड बदलून टाकला आणि आपला मोबाइल अन् लॅपटॉप तेवढे पुन्हा जोडले.

चित्र झुळझुळ वाहू लागलं. मधुकररावांनी हात जोडले. मग पाहणाऱ्यांचा आकडा पाहिला. एक.

"हा एक कोण?"

"आपलाच लॅपटॉप, बाबा."

 तेवढ्यात समोरच्या घरातल्या अनुसयाबाई पिठाच्या हातानं मांडवात शिरल्या.

"काऊन बंद केलं जी? लेकरू मांडीवरून उतरलं, मंग पुढं काय झालं?"

मागोमाग तानबा आला, त्याच्यामागं शेजारची गोपिका, मग अख्खी गल्ली.

"तुमी आमचं वायफाय वापरून राह्यले होते?" मधुकरराव थक्क.

"तुमीच त गंध लावता लावता पासवर्ड सांगतला!" तानबा म्हणाला. "घरी खाटेवर पडून मस्त आयकू येत होतं."

मांडव भरला.  अण्णाजींनी ध्रुवाला पुन्हा मांडीवर बसवलं आणि आख्यान पहिल्यापासून धरलं.

"बाबा, जुना पासवर्ड परत टाकू का?" रक्षानं हळूच विचारलं. "बिचारे घरी जाऊन आयकतीन."

मधुकररावांनी घाईघाईनं लॅपटॉप मिटला.

"नको वं! उलट त्या मागच्या गल्लीतले कोन्या दुसऱ्याच्या वायफायवर असतीन, त त्यायचंही तोडता येते का पाह्य."