साहेबांची तलवार मोडीत

"बाबा, इथे एक तलवार होती," जावईबापू म्हणाले. आवाज त्यांनी शक्य तेवढा साधा ठेवला होता, पण कमरेचा टॉवेल सुटत चालला आहे याचे भान त्यांना नव्हते.

"एक कुठली, ढीगभर होत्या," सासरे म्हणाले. "काढून टाकल्या."

जावईबापू आंघोळीला गेले तेव्हा कॉम्प्युटर चालूच राहिला होता. पडद्यावर जपानी गेममधला त्यांचा योद्धा गावाच्या वेशीत उभा होता. सासऱ्यांच्या घराचे रंगकाम काढल्यामुळे ते लेकीकडे राहायला आले होते आणि पेपर वाचून संपला की जावयाच्या मागे खुर्ची टाकून गेम बघत बसायचे. राक्षसांत त्यांना गोडी नव्हती. योद्ध्याच्या पेटीत कोंबलेला माल दिसला की मात्र त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आयुष्यभर ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि न हलणारा माल बघून गप्प बसणे त्यांना कधीच जमले नव्हते.

"माणसाला हात दोन," ते समजावून सांगू लागले. "मग एवढ्या तलवारी कशाला? ढाली तर नुसत्या पडून. त्यात एक तलवार पार गंजलेली. गंजका माल ठेवायचा नसतो, बाकीच्यालाही लागतो. तो कोपऱ्यावरचा दुकानदार बरा आहे बघा, कुरकूर न करता सगळं घेतलं. त्याच पैशांत मी औषधं भरून ठेवली."

"गंजलेली पण विकलीत?"

"तीच आधी काढली."

जावईबापू मटकन खुर्चीत बसले. गेममधल्या दुकानदाराकडे जाऊन त्यांनी सगळे पर्याय चाळून पाहिले. विकलेला माल परत देण्याची सोय त्या दुकानात नव्हती, आणि गेम आपला आपणच साठवला जात असल्यामुळे मागे जाण्याचीही नव्हती. या गेममध्ये सर्वात भारी तलवार आधी गंजलेलीच मिळते. मग खाणीत जाऊन दगड फोडायचे, त्या दगडांवर तलवार घासायची, आणि असे बरेच दिवस घासल्यावर ती निळी चमकू लागते. जावईबापूंनी ती जवळजवळ उजळत आणली होती. आणि ती त्यांची नव्हती. ती साहेबांची होती.

साहेब म्हणजे जावईबापू नोकरी करत होते त्या पंप बनवणाऱ्या कंपनीतले खरेदी प्रमुख. त्यांना या गेमचा नाद अचानक लागला. कसा लागला, हे कुणी विचारले नाही. दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या विभागाला तो लागला. जावईबापूंनी फ्रिज घ्यायचे रद्द करून चांगला कॉम्प्युटर घेतला. संध्याकाळी सगळे आपापल्या घरून एकत्र शिकारीला निघत. शिकारीचे नियम कुणी घालून दिले नव्हते, तरी ते सगळ्यांना पाठ होते. राक्षसाला अर्धमेला करायचे खालच्यांनी, शेवटचा घाव घालायचा साहेबांनी. साहेब स्वतःच पडले तर खेळ थांबवून, "नेटवर्क फार वाईट आहे आज," असे म्हणायचे. हे वाक्य आधी कोण म्हणतो यावर बरीच चुरस असे, आणि बहुतेक वेळा होयबा जिंकत असे. त्याचे खरे नाव ऑफिसात कुणी घेत नसे.

विभागात उपप्रमुखाची जागा रिकामी होती आणि तिच्यावर होयबा आणि जावईबापू दोघांचाही डोळा होता. म्हणून साहेबांनी जेव्हा दगड फोडण्याचा कंटाळा येतो म्हणून आपली गंजलेली तलवार गेममधूनच जावईबापूंकडे सोपवली आणि "नीट घासून द्या" म्हणाले, तेव्हा होयबाचे तोंड एवढेसे झाले होते. जावईबापूंना जागा मिळाल्यातच जमा वाटली होती. इतकी वर्षे सहायक म्हणून काढल्यावर त्यांना ती मनापासून हवी होती.

"सांगून टाका ना साहेबांना, बाबांच्या हातून गेली म्हणून," बायको म्हणाली. "खेळातलीच तर आहे."

"तुला नाही कळायचं. हे ऑफिसचं काम आहे."

तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. "काय, झाली का तलवार? उद्या लागणार आहे मला."

"लोहाराकडे टाकलीय, साहेब," जावईबापूंच्या तोंडून निघून गेले.

"लोहाराकडे? तो तर लगेच करून देतो."

"गर्दी आहे, साहेब."

"गर्दी," साहेब सावकाश म्हणाले. "थांबा. मी येऊनच बघतो."

दुपारी साहेब आले. सोबत होयबा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरी आग लागल्याचे ऐकून बघायला निघालेल्या माणसाची उत्सुकता होती. जावईबापूंनी आधी मुख्य स्विच बंद करून वीज गेल्याचे सांगायचे ठरवले होते, पण ते स्विचपर्यंत पोचायच्या आतच बायकोने पाहुण्यांसाठी पंखा चालू केला. मग त्यांनी पासवर्ड विसरल्याचे सांगितले. होयबा लगेच पुढे झाला. "मी काढून देतो, मला येतं." आता पासवर्ड आठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पेटी उघडली. आत एक साधी तलवार, एक ढाल, आणि काठोकाठ औषधी मुळ्या.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"आवरलंय," सासरे मागून म्हणाले. त्यांना अभिप्राय ऐकायचा होता. "सगळं भंगार मीच काढलं. एक तलवार तर इतकी गंजलेली होती, की ज्यानं जपून ठेवली त्याचं मला आश्चर्य वाटलं."

होयबाने हसू लपवायला खिडकीकडे तोंड केले. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. साहेबांचा आवाज चढणार, उपप्रमुखाची जागा जाणार, कदाचित बदलीही होणार, असे सगळे त्यांच्या मनात एकदमच येऊन गेले. पण आवाज चढला नाही. त्यांनी डोळे उघडले तर साहेब पलंगाच्या कडेवर बसले होते आणि पाणी मागत होते.

"ती माझी नव्हती हो," साहेब म्हणाले. "माझ्यावरच्या मोठ्या साहेबांची होती. त्यांनी मला घासायला दिली होती. मला तरी कुठे हौस आहे या खेळाची? मला तर त्या राक्षसांची भीतीच वाटते. पण मोठे साहेब खेळतात, मग काय करणार?"

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "म्हणजे त्यांचं काम तुम्ही घेतलंत, आणि यांच्या गळ्यात घातलंत," ती म्हणाली. साहेबांनी पाणी प्यायला बराच वेळ लावला.

"एक विचारतो," सासरे म्हणाले. जावयाची बाजू घेणे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटू लागले होते. "माल गहाळ झाला की पहिला प्रश्न, ताबा कुणाचा. आमचे जावईबापू तर साधे सहायक. सहायकाच्या ताब्यात एवढा भारी माल द्यायचाच नसतो. आमच्याकडे तरी त्याला अधिकारी लागायचा. जबाबदारी अधिकाऱ्यावरच येते."

"अधिकारी," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतू लागला. "बरोबर आहे. अधिकारी पाहिजे." ते होयबाकडे वळले. "काय हो, उपप्रमुख व्हाल का? आत्ता, लगेच?"

होयबाने साहेबांकडे पाहिले, पेटीतल्या मुळ्यांकडे पाहिले, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तो "नको" म्हणाला. "ज्येष्ठता यांची आहे, साहेब. अन्याय व्हायला नको."

साहेबांनी उठून जावईबापूंचा हात हातात घेतला. "अभिनंदन. तुम्ही उपप्रमुख झालात. मागच्या महिन्यापासून."

"मागच्या महिन्यापासून?"

"तलवार गेली आज सकाळी. तेव्हा तुम्ही उपप्रमुख असायला हवेत ना. उद्या ऑफिसात तसा आदेश काढतो मी."

यात काय चालले आहे ते जावईबापूंना कळत होते. न कळण्याइतके ते भोळे नव्हते. तरीही बायकोसमोर, सासऱ्यांसमोर, शिवाय होयबासमोर तो शब्द ऐकून त्यांना बरे वाटले. चांगलेच बरे वाटले. त्यांनी साहेबांचे आभार मानले आणि तेही अगदी मनापासून.

"पगार वाढेल का?" बायकोने विचारले.

"तेही मोठे साहेबच ठरवतील," साहेब म्हणाले.

त्यांच्या खिशातला फोन थरथरू लागला. साहेबांनी तो काढून नाव वाचले, आपोआप ताठ उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि फोन जावईबापूंच्या हातात दिला.

"बोला, उपप्रमुख," ते हळूच म्हणाले. "तुमच्यासाठीच आहे."