चांदणीसाठी डॉक्टर पाहताना

"डॉक्टरसाहेब, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

शेजारच्या अंगणातून वसंतकाकांचा आवाज आला आणि आई ओट्यापाशी पुटपुटली, "गेला. हाही गेला."

घोडीच्या ऑपरेशनसाठी काका डॉक्टर शोधत नव्हते, स्थळ पाहत होते. मला पाहायला आलेल्यांचीसुद्धा बाबांनी इतकी चौकशी केली नव्हती. पहिल्या डॉक्टरने चहा नाकारला. "चहाला नाही म्हणतो, तो जनावराला प्रेमाने हात काय लावणार?" दुसरा बूट घालून तबेल्यात शिरला. "संस्कार नाही, समझलं का!" तबेल्यात सगळेच बूट घालतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

केळीचा धंदा बंद केल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. काकांनी घोडी घेतली. आमच्या इतवारा पेठेच्या गल्लीत जिथे लोक स्कूटरही ढकलत नेतात, तिथून काका रोज सकाळी चांदणीवर बसून ऐटीत जात. ती पळायला लागली की तिच्या घशातून करवत चालल्यासारखा आवाज येई. "हॉर्न आहे तिचा," काका सांगत. मग एकदा ताप्तीच्या घाटावरून वर येताना ती मध्येच थांबली. तिच्या फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या. काका लगाम धरून पायी घरी आले. नंतर ते तिच्यावर बसलेच नाहीत.

तिसऱ्या वेळी काकांनी मला बोलावलं. डॉक्टर इंग्रजीत फसवतात आणि मी इंग्लिश मीडियमची, म्हणून.

या डॉक्टरबाई होत्या. काकांनी आधी गाव विचारलं. "देडतलाईच्या? मग कोणाच्या तुम्ही?" ओळख निघाली. बाईंनी चहाही दोनदा घेतला. काका खूश. बाई सगळं मराठीतच बोलल्या. माझं इंग्रजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून राहिलं.

"घशातली एक बाजू लुळी पडलीय. तिला टाका घालून ती उघडी ठेवायची आणि तिथली आवाजाची घडी काढायची. श्वास मोकळा होईल."

"करून टाका!"

"पण तिचं हिणहिणणं बहुतेक जाईल."

काकांनी कप खाली ठेवला. "आणि नाही केलं तर?"

"आता पळताना दम लागतो. पुढे उभ्या उभ्या लागेल."

काका उठून तबेल्याच्या दाराशी गेले. मुलगा पुण्यात, काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बेटा, मी बाहेरून आलो की या घरात तीच एक हाक मारते. तीही बंद झाली, तर मी आलो हे तिला समझलं की नाही, मला कसं कळणार?"

नेहमीचं 'समझलं का' त्यांनी या वेळी जोडलं नाही. माझ्या खोलीची खिडकी तबेल्यावरच उघडते.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही गल्लीत वळता ना, तेव्हाच तिचे कान फाटकाकडे वळतात. हाक तर ती नंतर मारते."